आधी सोबत, मग पेशंट

डॉक्टरबाईंची न माझी पहिली भेट झाली तेव्हा मी पेशंट नव्हते. माझी पोरगीपण पेशंट नव्हती. पेशंट होते माझे सासरे. म्हशींना वैरण तोडताना कोयता निसटून त्यांच्या पायावर बसला होता, न ते आमच्या आख्ख्या कडाव गावाला ऐकू जाईल असं ओरडत होते.

तो गोंधळ मला अजून दिसतो. शेजारच्या पांडूभावजींचा दुधाचा टेंपो कर्जतला निघालाच होता. त्यांनी पटापटा कॅन खाली उतरवले, मागं गोधडी टाकली, चार जणांनी सासऱ्यांना उचलून ठेवलं. नेऊ का नको, कधी नेऊ, असं कुणी कुणाला इचारलं नाय. सासूबाईंना धारा काढायच्या होत्या. आमचे हे खालापूरच्या बाजूला कंपनीत, पहिल्या पाळीला गेलेले. मग सासूबाई म्हणाल्या, "वनिता, तू जा गं सोबतीला." स्वरा आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. तिला कडेवर घेतली न टेंपोत चढले.

आता खरं सांगायचं तर तीन-चार दिवस स्वराचं पोट उडत होतं. श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडायचा. प्यायला घेतली की दोन घोट घ्यायची न दमून सोडायची, कपाळाला घाम यायचा. सासूबाईंनी रुईचं पान गरम करून छाती शेकली, पोटाला हिंग लावला. "पोरीची जात काटक असती, उतरंल," म्हणाल्या. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, रविवारी सुट्टी हाय, तेव्हा बघू. मला रात्रभर झोप यायची नाय. तिच्या नाकापुढं बोट धरून बसायचे. पण रविवार ठरला होता, त्याच्या आधी कुणाला परत कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं.

कर्जतला बाईंचा दवाखाना म्हंजे त्यांच्या राहत्या घराचाच पुढचा भाग. चार पायऱ्या, व्हरांड्यात एक लांब बाक, आत तपासायची खोली न त्याच्या मागं खाटा टाकलेल्या दोन खोल्या. नाना कंपाउंडर धावत आले. त्यांनी सासऱ्यांचा पाय धुतला, कापड दाबून धरलं. मग बाई बाहेर आल्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, केस सगळे पिकलेले. त्यांनी पाय बघितला, "रक्त थांबलंय, शिवू आपण," म्हणाल्या, न वळून सरळ माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"सोबत तू का गं? नाव काय?"

"वनिता."

"तुला काय होतंय?"

"मला काय नाय. मी ह्यांच्यासंगं आले."

"ते दिसलं मला. तुला काय होतंय ते सांग."

मी खाली मान घालून परत म्हणाले, "काय नाय."

तिकडनं सासरे ओरडले, "ओ बाई! रगात माझ्या पायातनं येतंय न तुमी सुनंला काय इचारीत बसल्या?"

बाई हसल्या. "आवाज काय खणखणीत आहे हो तुमचा! एवढा आवाज निघतोय म्हणजे छाती दणकट आहे. ओरडत राहा, म्हणजे तुम्ही बरे आहात हे मला आतून कळत राहील." मग माझ्याकडं वळून हळू बोलल्या, "आमच्याकडे आधी सोबत, मग पेशंट. आणि ही कडेवरची गं? एवढ्या आरडाओरड्यात ही का रडत नाहीये?"

खरंच की. सासरे ओरडत होते, पांडूभावजी ओरडत होते, टेंपोचा हॉर्न वाजत होता, न माझी पोर गप्प पडून नुसती बघत होती.

बाईंनी तिचं झबलं वर केलं. नळी लावली. एका जागी ऐकलं, दुसऱ्या जागी ऐकलं, परत पहिल्या जागी आल्या. चेहरा बदलला नाय, पण हात तिथंच थांबून राहिला.

"घरात सांगितलं होतंस?"

"सांगितलं. हे म्हणाले रविवारी बघू."

"हं," बाई म्हणाल्या. "कोयत्याला बरा रविवार लागला नाही."

रागानं नाय बोलल्या. स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. मग स्वराला माझ्याकडनं घेतलं न आत नेलं. सासऱ्यांना टाके घालून संध्याकाळच्या टेंपोत घरी पाठवलं. गेलो होतो सासऱ्यांना भरती करायला, भरती झाली माझी पोर.

डॉक्टर शालिनीताई, म्हंजे आमच्या बाई, आता पंचाहत्तर वर्षांच्या होतायत, म्हणून त्यांच्यावर हे पुस्तक निघतंय. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर, कर्जतचे जुने लोक, शाळेतले सर, सगळे त्यात लिहिणार हायत. बाईंचे वडील कर्जतला मास्तर होते, बाई मुंबईला शिकल्या न तिथं राहायचं सोडून परत इकडं आल्या, चाळीस-पंचेचाळीस वर्षं दवाखाना चालवला, हे ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी सातवीपर्यंत शिकलेली. पुस्तकाचं काम बघणाऱ्या सरांनी मला सांगितलं, तू बोलतेस तसंच लिही. म्हणून मी बाकावर बसून जे बघितलं ते लिहिते.

स्वराच्या छातीत कफ झाला होता. नाकाला नळी लावून ऑक्सिजन दिला, सुया दिल्या. मी आठवडाभर तिथंच होते. ती झोपली की व्हरांड्यात येऊन बाकाच्या टोकाला बसायचे. तिथनं सगळा दवाखाना दिसतो.

त्या आठवड्यात मी बघितलं ते असं. पुरुषमाणूस आला की गाडीतनं यायचा. कुणी बांधकामावरनं पडलेला, कुणाला साप चावलेला, कुणी नुसतं छातीत कळ आली म्हणून. कुणाची रिक्षा, कुणाची जीप, मागं चार मोटारसायकली. सगळं काम टाकून लोक आलेले असायचे. ओळखीचे, पैसेवाले लोक यायच्या आधी त्यांचा फोन यायचा. न बायका? बायका यायच्या दुसऱ्याच्या मागनं. नातवाला डोस द्यायला आलेली आजी, नवऱ्याची शुगर बघायला आलेली बायको, नणंदेच्या बाळंतपणाला आलेली भावजय. पिशवी धरून उभी. औषध कसं द्यायचं ते नीट ऐकून घेणार न पायऱ्या उतरताना थांबून म्हणणार, "बाई, माझंपण जरा कमरेत भरतंय, पण असू दे."

बाईंनी हे कधीतरी ओळखलं असंल. म्हणून त्यांनी ती पद्धत पाडली होती. पायऱ्या उतरताना सांगायची वेळच कुणावर येऊ द्यायची नाय. आधी सोबत. नवीन माणसं चिडायची. जुनी सवयीनं आपल्या बायकोला पुढं ढकलायची, "जा गं, आधी तुझं करून ये, नायतर माझा नंबर नाय लागायचा." नाना कंपाउंडर हसून मला म्हणायचे, "निम्मा तालुका सोबत म्हणून आला न पेशंट होऊन गेला."

एक दिवस फोन आला. कर्जतातलंच मोठं घर, नाव नाय लिहीत. पोराला ताप हाय, खोली मोकळी करून ठेवा. बाई फोनवर गोड बोलल्या, "या ना. बाकावर जागा आहे." मोठी गाडी आली. पोरगा खाली उतरला तो पायऱ्यांवर उड्या मारतच. मागनं त्याची आई, चांगल्या साडीतली, हातात बांगड्या. माझ्या न डोंगरावरच्या वाडीतनं चालत आलेल्या एका बाईच्या मधी बसली. अंग चोरून बसली, पण बसली. बाई आल्या. आधी तिचाच खालचा डोळा ओढून बघितला.

"मला काही नाही हो डॉक्टर, मी मजेत आहे."

"मजेत असलेल्या माणसाचा डोळा इतका पांढरा नसतो. चक्कर येते का?"

ती बाई बाकावरच रडायला लागली. एवढी गाडी घोड्याची बाई, पण चक्कर येते हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. वाडीवरच्या बाईनं आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले. मी बघतच राहिले. मला वाटायचं हे आमच्यासारख्यांचंच हाय. गाडीतनं आली तरी ती सोबतच होती.

बाईंची माया अशी की त्यांचं त्यांनाही कळत नसावं. मी डबा कुठनं आणणार? बाई दुपारी आतनं दोन ताटं घेऊन यायच्या, एक मला न एक स्वतःला, न माझ्या शेजारी बाकावरच बसून जेवायच्या. मी लाजले की म्हणायच्या, "अगं, मला एकटीला जेवण जात नाही." त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात. मी मनात म्हणायचे, आपल्याला जेवायला घालतायत न उपकार आपणच केल्यासारखं दाखवतायत.

स्वराचा कफ कमी झाला. मी घरी जायच्या गोष्टी करायला लागले. तेव्हा बाईंनी मला आत बोलावलं न खुर्चीवर बसवलं. माझा हात हातात घेतला. तेव्हाच मला कळलं.

"वनिता, कफ गेला. पण हिच्या काळजाला एक भोक आहे. जन्मापासून आहे. म्हणून ती दमते, म्हणून वजन धरत नाही."

मला पुढचं ऐकूच येईना. मी एकच इचारलं, "बाई, माझ्या दुधातनं काय गेलं का?"

"नाही."

"मी गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली होती."

"नाही गं पोरी. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. हे मी तुला रोज सांगीन. रोज विचार." न मी खरंच रोज इचारलं, न बाईंनी रोज तसंच सांगितलं, एकदाही न चिडता.

बारीक भोकं आपोआप बुजतात, हिचं मोठं हाय, मोठ्या हॉस्पिटलात दाखवून ऑपरेशन करावं लागंल, सरकारी योजनेतनं होतं, असं बाईंनी समजावलं. घरी येऊन मी ते सांगितलं. घरात कुणी नाय म्हणालं नाय. नाय म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. हे म्हणाले, बघू. सासरे म्हणाले, भात कापून होऊ दे. सासूबाई म्हणाल्या, एवढ्याश्या जिवाला कशाला चिरायचं, पोरगी हाय, मोठी होईल तशी भरंल. भात कापून झालं, झोडून झालं. स्वरा वर्षाची झाली तरी तिला बसवली की कलंडायची. तिचे ओठ निळे दिसले की मी लुगड्याच्या घडीसारखी तिला छातीशी दाबून धरायचे न कुणाला बोलायचे नाय.

एक दिवस दुपारची आमच्या ओट्यापुढं रिक्षा थांबली. बाई उतरल्या. कुणीच बोलावलं नव्हतं. सासरे गडबडीनं उठून खुर्ची शोधायला लागले. बाई ओट्यावरच बसल्या न पहिलं काय केलं, तर सासूबाईंना जवळ बोलावलं.

"तुमचा गुडघा बघू."

"आवो बाई, माझा कशाला? तुमी पोरीचं सांगायला आलाव ना?"

"पोरीचं मग. तुम्ही तिची सोबत आहात ना? आधी सोबत."

सासूबाईंच्या गुडघ्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी डॉक्टरनी हात लावला असंल. बाई दाबून बघत होत्या, इथं दुखतं का, इथं दुखतं का, न सासूबाई हं हं करत होत्या. मधीच त्या थांबल्या. बाईंकडं न बघता, म्हशींकडं बघत बोलल्या, "माझीपन एक होती. ह्याच्या आधीची. आशीच पोट उडायचं तिचं. कुनी नेलीच नाय. पेरनी चालू होती."

आमच्या ह्यांनापण हे माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच. बाईंनी गुडघ्यावरचा हात काढला नाय.

"नाव काय ठेवलं होतं?" बाईंनी इचारलं.

"मंगल."

सासरे खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या पायावर कोयत्याचा वण होता, तो त्यांनी दुसऱ्या पायानं घासला. मग गेले कुंपणाशी न ओरडले, "पांड्या! ए पांड्या! टेंपो कधी मोकळा हाय रं?"

"कशाला काका?"

"कशाला इचारतोस काय! माझ्या पायाच्या टायमाला इचारलंस का कशाला?"

असं ते ठरलं. बाईंनी फक्त गुडघा बघितला होता. पोरीबद्दल एक अक्षर त्यांना बोलायला लागलं नाय.

मोठं हॉस्पिटल पनवेलच्या पुढं. तपासण्या झाल्या, तारीख मिळाली. बाई म्हणाल्या, मी येते. आमी नको नको म्हणालो, बहात्तर वर्षांचं माणूस, पण त्या ऐकेनात. सकाळी टेंपोत पुढं बाई न मी, स्वरा माझ्या मांडीवर. मागं सासू-सासरे न हे. चौक गाव गेलं, पनवेल गेलं. बाई स्वराला रस्त्यातली एकेक वस्तू दाखवत होत्या, "ती बघ जेसीबी. ती बघ बकरी."

गेटवर वॉचमननी दुधाचा टेंपो बघितला न काठी आडवी केली. "मागच्या गेटनं. पलीकडनं फिरून या." आमी खाली उतरलो. बाई उतरल्या तसा त्याचा आवाज बदलला. "मॅडम, तुम्ही इकडनं या ना, लिफ्ट हाय समोरच."

"मी यांच्याबरोबर आहे," बाई म्हणाल्या. न आमच्यासंगं उन्हातनं आख्ख्या भिंतीला वळसा घालून मागच्या गेटनं आल्या. मी म्हणाले, "बाई, तुमी जायचं होतं ना पुढनं." त्या म्हणाल्या, "मग इकडची वाट कशी आहे हे मला कसं कळलं असतं?"

स्वराला आत घेतलं. हिरवे कपडे घातलेल्या सिस्टरनी माझ्या हातातनं घेतली तेव्हा तिनं माझं मंगळसूत्र धरून ठेवलं होतं. एकेक बोट सोडवलं. दार लागलं. मी दारापुढच्या बाकावर बसले. बाई माझ्या शेजारी, बाकाच्या टोकाला.

किती वेळ गेला ते मला नाय सांगता येणार. मी देवाचं नाव घेत होते न मधीच इसरत होते. हे न सासरे येरझाऱ्या घालत होते. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. मी बाईंना इचारलं, "बाई, आता काय करत असतील?" बाई नेहमी लगेच उत्तर द्यायच्या. ह्या वेळी दिलं नाय. मी वळून बघितलं. बाई ताठ बसल्या होत्या. हात जबड्याला लावलेला. कपाळावर घाम, नेमका स्वराला यायचा तसा, बारीक.

"बाई, काय होतंय?"

"काही नाही गं. ऊन लागलं असेल. दाढ दुखतेय जरा."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्या गप्प होत्या. नुसत्या बघत होत्या. न मला कर्जतचा तो व्हरांडा आठवला, सगळे ओरडत असताना गप्प पडलेली माझी पोर आठवली.

मी उठले. दार सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. आत माझी पोर होती, कुणी बाहेर येऊन आई कोण म्हणून इचारलं तर? सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं न गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "जा तू. मी हाय ना हितं," म्हणाल्या.

"बाई, उठा. खाली जायचं."

"वेडी आहेस का? आधी पोरीचं होऊ दे. मी सोबत आलेय."

"म्हणूनच. आधी सोबत, मग पेशंट. तुमीच म्हणता ना?"

बाईंनी काय तरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर सासरे कुठनं तरी चाकाची खुर्ची ढकलत आले. "बसा बाई. माझ्या टायमाला तुमी मला वरडत राहा म्हणालाव, आता तुमी गप बसायचं. नायतर मी वरडंन हितं, न माझा आवाज तुमाला म्हाईत हाय."

बाईंना त्या कळेतपण हसू आलं. बसल्या.

खाली तातडीच्या खोलीत टेबलापाशी बसलेल्या डॉक्टरनी इचारलं, "पेशंट कोण?" बाई म्हणाल्या, "तसं काही विशेष नाही." मी मोठ्यानं म्हणाले, "ह्या. ह्या पेशंट हायत. जबडा दुखतोय, घाम येतोय, न ह्या सांगत नायत." त्या डॉक्टरनी एकदा बाईंकडं बघितलं न लगेच उठून आले. छातीला वायरी लावल्या. मग सगळे पळायलाच लागले.

बाईंच्या काळजाची एक नस बंद होत आली होती. त्याच दिवशी, त्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर माझ्या पोरीचं काळीज शिवत होते न खालच्या मजल्यावर बाईंची नस उघडत होते. आमी दोन्हीकडं वाटून बसलो. मी जिन्यात. तिथनं वरनं हाक आली तरी ऐकू येईल न खालनं आली तरी.

दोन दिवसांनी मला बाईंपाशी सोडलं. बारीक दिसत होत्या, नाकाला नळी. डोळे उघडून पहिलं इचारलं, "स्वरा रडली का?"

"रडली बाई. लय रडली. सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला."

"मग छान," म्हणाल्या न डोळे मिटले.

नंतर कधीतरी त्यांनीच सांगितलं. जबडा महिनाभर दुखत होता. जिना चढला की दुखायचा. त्यांच्या यजमानांच्या छातीत एकदाच कळ आली होती, तर बाईंनी स्वतः त्यांना त्याच घटकेला गाडीत घालून मुंबईला नेलं होतं. "आणि मी, डॉक्टर असून, म्हटलं दवाखान्यात गर्दी आहे, नंतर बघू. वनिता, सगळ्या बायकांना मी बाकावर ओळखलं, आणि मी त्याच बाकाच्या टोकाला बसलेली मलाच दिसले नाही गं." असं म्हणून हसल्या. मला हसू आलं नाय. मला वाटलं, एवढं शिकून, एवढं नाव होऊन, बाईंनीपण रविवारचीच वाट बघितली.

आता स्वरा अंगणवाडीत जाते. छातीवर सरळ एक रेघ हाय, ती सगळ्यांना झबलं वर करून दाखवते. भांडते, पळते, ओरडते तर असं की सासरे म्हणतात, माझ्यावर गेली. तिच्या तपासणीच्या आदल्या रात्री अजून मी तिच्या नाकापुढं बोट धरून बसते. भीती गेलेली नाय. पण आता मी रविवारची वाट बघत नाय. सासूबाईंच्या गुडघ्याचं औषध चालू हाय, न ओट्यावर कुणी बसलं असंल तर त्या मंगलचं नाव घेतात.

दवाखाना आता एक तरुण डॉक्टर बघतात. बाई सकाळी दोन तास बसतात, पायऱ्या उतरताना बायका थांबतात का तेवढं बघायला. नवीन डॉक्टरांनापण पद्धत शिकवून ठेवलीय.

बाईंची नस उघडली, ती अधूनमधून दाखवायला जावं लागतं. त्यांच्यासंगं मी जाते. मला वाटतं हा मान मला ह्या पुस्तकातल्या सगळ्या मोठ्या लोकांपेक्षा जास्त मिळाला. गेल्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी बीपीचा पट्टा उचलला तसा बाईंनी हात मागं घेतला न म्हणाल्या, "आधी हिचं बघा." त्या डॉक्टरांनापण आता माहीत झालंय. हसत त्यांनी पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. मग मी बाईंचा हात धरून पुढं केला, न तो सोडला नाय.

बाई, तुमाला पंचाहत्तर पुरी होतायत. तुमी आमच्या घराला जे दिलं ते फेडायचं नाय, ते जपायचं हाय. तुमची तब्येत चांगली राहू दे, जेवण जाऊ दे, जिना चढताना जबडा न दुखू दे. स्वराचं लग्न तुमी बघायचं, न तिच्या पोरांनापण आधी त्यांची आई तपासून मग नळी लावायची. एवढं आयुष्य तुमाला देवानं द्यावं. फक्त एक मागते. कुठं दुखलं, खुपलं, नुसता घाम आला, तर पायऱ्या उतरताना सांगू नका. आधी सांगा. पांडूभावजींचा टेंपो मोकळा हाय. न सोबतीला मी हाय.